कोल्ह्याची लांबलेली गोष्ट

आत्याचे बाबा गळाला आमिष म्हणून लावायचे पोकळ, मऊ प्लॅस्टिकचे मासे घरीच ओतत. त्यांचा शेवटचा मासा फाटला, म्हणून आत्याने तोच वितळवून त्यांच्या जुन्या साच्यात ओतला. पोकळीसाठी मधोमध तेल लावलेली विणायची सुई उभी केली.

"आत्या, सुई कधी काढायची गं?" भाचीने विचारलं.

"बाबा कोल्ह्याची गोष्ट सांगायचे. ती संपली की."

आत्याने गोष्ट झटपट उरकली आणि सुई ओढली. मासा टर्रकन फाटला.

"तुझा कोल्हा फारच घाईत होता."

आत्या हसली आणि तिने तुकडे गोळा केले. हे जुनं प्लॅस्टिक आणखी एकदाच वितळलं असतं, मग करपलं असतं.

तिला आठवलं, बाबांचा कोल्हा वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली बसायचा, अंग खाजवायचा, जांभई द्यायचा. ती वैतागायची, पण बाबा साच्यावर बोट ठेवून सावकाश सांगत राहायचे.

दुसऱ्यांदा ओतल्यावर तिने कोल्ह्याला एकही झाड चुकवू दिलं नाही.

"पुढे चल ना गं," भाची कुरकुरली.

"चालतोय की बिचारा," आत्या म्हणाली. तिचं बोट साच्यावर होतं, आणि साचा अजून कोमट होता.

कोल्हा घरी पोचला तेव्हा साचा गार पडला होता आणि सुई अलगद निघाली. बादलीत सोडलेला मासा तरंगला.