फोटोतलं काळं वावर

"अबे, कागद छातीशी धर! अन् हास ना बाप्पा जरा!" नागपूरचा फोटोवाला चिंधूवर खेकसला.

भूदानाचा कार्यक्रम होता. पुढारीसाहेबांभोवती पत्रकारांची ही झुंबड! कुणी 'साहेब, इकडं पाहा' म्हणतोय, कुणी 'दोन शब्द बोला' म्हणत वही पुढं करतोय. या गर्दीत भूमिहीन चिंधूच्या हाती दानपत्र देऊन त्याला साहेबांशेजारी उभं केलं ते रूपरावांनी, गावचे जमीनदार असलेल्या मालगुजारांच्या दिवाणजींनी. मालगुजारांनी दान दिलं होतं टेकडीवरचं बरड. तिथं गवतही धड उगवत नव्हतं. पण दगडधोंड्यांत साहेबांचा फोटो काय शोभणार? म्हणून सडकेलगतचं नांगरलेलं काळं वावर रूपरावांनीच सुचवलं. मालगुजार खूश झाले, सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

चिंधूनं पायाखाली पाहिलं आणि हळूच विचारलं, "दिवाणजी, हेच वावर जी?"

"वर पाह्य. फोटो खराब होते," रूपराव म्हणाले.

आपण खोटं काही बोललो नाही, असं ते वाटभर स्वतःला बजावत राहिले. घरी जेवण मात्र गोड लागलं नाही.

सकाळी ते सडकेनं निघाले, तर चिंधू आणि त्याची बायको कमला त्याच वावरात धसकटं वेचत होती. बांधावरच्या दगडाला कुंकू लावलेलं.

"या जी दिवाणजी! माती पाहा, कशी लोण्यावानी हाये!" चिंधू हरखून म्हणाला.

"चिंधू... तुह्यं वावर ते वरचं हाये. टेकडीवरचं. हे फोटोपुरतं होतं."

चिंधू टेकडीकडं पाहत राहिला. "मंग काल काऊन नाई सांगतलं? म्या तं इचारलं होतं तुमाले."

मालकाच्या एका शाबासकीसाठी गरिबाला फसवलं, हे रूपरावांना ठाऊक होतं. लाजेनं त्यांची मान वर होईना.

घरच्या देवापुढं ठेवायला कमलानं पदराच्या गाठीत मूठभर माती बांधली होती. तिनं ती गाठ सोडली.

"राहू दे वं बाई, मूठभर तं हाये," रूपराव कसेबसे म्हणाले.

"नाई जी. आमची नोहे ते."

वाकून तिनं ती माती जिथून उचलली होती तिथंच टाकली, आणि पदर झटकून चिंधूच्या मागं टेकडीकडं चालू लागली.