तिसऱ्यांदा भरलेला गॅस

एसी दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. जुनं मशीन काढताना आतला गॅस मोकळ्या हवेत सोडून द्यायचा, हा त्या धंद्यातला रिवाजच. फुस्स आवाज झाला की निम्मं काम उरकलं. तोही तेच करायचा, आणि वर शीळ घालायचा.

मग कंपनीनं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. हा चहाबिस्किटांच्या आशेनं गेला आणि डोक्याला भुंगा लावून घेऊन आला. या गॅसचा एक किलो हवेत गेला तर हजारो किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, असं मॅडमनी फळ्यावर मांडून दाखवलं. त्याला वीस वर्षांचे फुस्स आठवले. दुसऱ्या दिवसापासून तो गॅस रिकाम्या टाकीत ओढून घेऊ लागला. कामाला तासभर जास्त लागायचा. सोबतचे म्हणायचे, "आले बघा, जगाचे तारणहार!"

आणि नेमका आत्याचा एसी गळायला लागला.

आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केलेला. आता ती वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली अंथरुणाला खिळलेली. हृदय अधू. खोली तापली तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्यानं बाहेरच्या युनिटला साबणाचा फेस लावला, तर कॉईलभर बुडबुडे. एक भोक बुजवलं की दुसरं हजर. नवी कॉईल यायला पंधरा दिवस, आणि दुकानात नवं मशीन औषधालाही शिल्लक नाही. त्यानं ओले पडदे लावले, पत्र्यावर पाणी मारलं. तासाभरात सगळं कोरडं ठणठणीत.

शेवटी त्यानं गॅस भरला. चार दिवसांत उडाला. पुन्हा भरला, पुन्हा उडाला. आज तिसऱ्यांदा नळी जोडताना त्याला स्वतःची चीड आली आणि रडूही आलं. आपण हा गॅस थेट आभाळात भरतोय, हे त्याला स्वच्छ कळत होतं. कळून करणार काय? इकडे आड, तिकडे विहीर.

खोली हळूहळू गार झाली. आत्यानं डोळे उघडले.

"हाताला यश आहे हो तुझ्या," ती म्हणाली. "पण यंदा बाहेर एवढं का तापलंय रे?"

"काय माहीत, आत्या," तो म्हणाला, आणि सिलिंडरमध्ये आणखी एका खेपेपुरता गॅस उरलाय का, ते हातानं तोलून पाहू लागला.