सुतारशाळेत शिरताना

चैत्रातलं ऊन. टेकडीवर ऊन, पळसावर ऊन, आणि त्या शुभ्र, निरलंकार, काटकोनी डिझाइन-शाळेच्या भव्य काचांवर धगधगणारं ऊन.

त्या उन्हात हंसाताई उभ्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्याच नावाच्या नव्या विणकाम-दालनाचं आज त्यांच्याच हस्ते उद्घाटन होतं.

रेषा शुद्ध, रंग शुद्ध, रूप शुद्ध. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-शाळेत शिकून आलेल्या सरांनी ही शाळा काढली, तेव्हा हाच मंत्र दिला होता. त्या मंत्राने मोहून अठरा वर्षांची हंसा आली होती ती लाकडासाठी; सागाच्या गंधासाठी, शिसवीच्या श्यामल रेषांसाठी, स्वतःच्या हाताने एक खुर्ची घडवण्यासाठी. सर हसले होते. जर्मनीतही मुली मागावरच बसायच्या, म्हणाले होते. आणि हंसा बसली. निळं विणत, तांबडं विणत, गिळलेला शब्द विणत चाळीस वर्षं बसली. विणता विणता शिकवू लागली, शिकवता शिकवता कीर्तिमान झाली.

दालनाच्या पायरीवर एक मुलगी रडत होती. केतकी, पहिल्या वर्षाची. ताईंनी शेजारी बसून विचारलं. तिने सुतारशाळा मागितली होती; तिला माग मिळाला होता.

ताईंच्या कानशिलांत रक्त घणघणू लागलं. जास्वंदी रक्त, जुनं रक्त, छप्पन्न वर्षं दाबलेलं रक्त.

संचालकांनी लगबगीने कातर पुढे केली. ताईंनी ती घेतली नाही. केतकीचं काय, एवढंच विचारलं. ते अदबीने सांगू लागले, की शाळेची परंपराच आहे, मुलींचा हात धाग्यावर खुलतो, आणि त्याचं तेजस्वी उदाहरण तर आज समोरच उभं आहे.

"मी चाळीस वर्षं विणलं," ताई म्हणाल्या. आवाज संतापाने चिरकला. "मला विणायचं होतं का, हे एकानेही विचारलं नाही. माझं नाव उतरवा त्या भिंतीवरून."

रेशमी फीत तशीच राहिली. पाहुणे खुर्च्यांत अवघडले. केतकीचं मनगट धरून ताई तप्त अंगण ओलांडून सुतारशाळेत शिरल्या. करवती थांबल्या, मुलं बाजूला झाली.

रंधा दोघींनाही धरता येत नव्हता. तरी त्यांनी मिळून तो धरला, सागाच्या फळीवर रोवला, रेटला. अडला. पुन्हा रेटला. आणि त्या गुळगुळीत, सोनेरी, निर्मळ लाकडावर करकरत उमटत गेली एक चरी. वाकडी, खोल, ओरबाडलेली, टोकापासून टोकापर्यंत.