हळदीतले पाच स्टार

अर्चनाच्या दोन खोल्या मोबाइलवरून नाहीशा झाल्या, तेव्हा डिसेंबरची अकरा तारीख होती आणि तिच्या हातात उरले होते नऊ दिवस.

खोल्या जागच्या जागी होत्या हो! एडवणला, समुद्रापासून पाच मिनिटांवर, सासऱ्यांच्या वाडीत. रंगवलेल्या, पडदे लावलेल्या, उशा उन्हात टाकलेल्या. पण 'एडवण बीचजवळ राहायची सोय' असं मोबाइलवर शोधलं की तिसऱ्या नंबरला दिसायचं ते नाव काही केल्या दिसेना. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, नकाशावरही नाही. अंगठा दुखेपर्यंत ती खाली सरकत गेली, तर शेवटी डहाणूची हॉटेलं लागली. आता ठाणे-कल्याणच्या माणसाचं एडवणात कोण असतं ओळखीचं? तो मोबाइलला विचारतो, आणि मोबाइल सांगेल तिथे गाडी लावतो. मोबाइलने नावच घेतलं नाही, तर तुमच्या खोलीला सोन्याची कौलं असली तरी ती रिकामीच राहणार.

नऊ दिवसांचं म्हणाल, तर ती मुदत सासऱ्यांनी घातलेली. भगवंत त्यांचं नाव. माणूस एकदाच बोलायचा आणि बोललेलं फिरवायचा नाही. अर्चनाने सात वर्षं तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली होती. सकाळची एसटी, मग सफाळ्याहून गाडी, मग दिवसभर तोंडाला मास्क. जूनमध्ये तिने ती नोकरी सोडली आणि वाडीतल्या खोल्या मागितल्या. भगवंतनी दिल्या, पण अट घालून. "वीस डिसेंबरला बघू. नाताळच्या दिवसांत दोनी खोल्या भरल्या तर तुझ्या. नाय तर मनीषला देऊन टाकतो." मनीष म्हणजे बोईसरचा ठेकेदार. इकडच्या रस्त्याच्या कामावरची माणसं ठेवायला त्याला जागा हवी होती, तीही वर्षभर. अर्चनाचा नवरा हितेश बायकोच्याच बाजूचा होता, पण वडिलांसमोर त्याची वाचा बसायची. पुन्हा नोकरी करायला अर्चना घाबरत नव्हती. पण हे पहिलंच काहीतरी होतं जे तिने स्वतः उभं केलं होतं, आणि ते हातचं जाऊ द्यायला तिचं मन तयार नव्हतं.

आणि हे संकट आणलं कुणी? वैऱ्याने नव्हे! घरच्यांनीच, आणि तेही प्रेमाने.

आदल्या रविवारी हितेशच्या चुलत बहिणीची हळद होती. मांडवात सगळं गणगोत जमलेलं. बबलूमामा, म्हणजे हितेशचा मामा, माइक हातात आला की कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्याने बेंजो थांबवला आणि आरोळी ठोकली, "आपली अर्चना एवढी मेहनत करते, आनि आपन काय नुसतं मटन खायचं? काढा फोन! सगल्यांनी पाच पाच स्टार द्यायचे!" झालं! आहेराला लागते तशी रांग लागली. एका पोरीने काय लिहायचं ते सांगितलं, बाकीच्यांनी तेच उतरवलं. ज्यांना जमेना त्यांना जावयांनी करून दिलं. म्हाताऱ्यांची तर खातीच तिथे उघडली. मामाने वही घेऊन नावं लिहिली, कारण आपल्यात कोण काय देतो ते लिहून ठेवायची पद्धत, उद्या त्यांच्याकडचं कार्य निघालं तर फेडायला बरं. तासाभरात एकशे बारा नावं झाली. अर्चनाचे डोळे भरून आले होते त्या वेळी. बुधवारी सकाळी तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती तडक पालघरला गेली. तिथे स्टेशनजवळ तिची शाळेतली मैत्रीण रूपल दुकानांच्या वेबसाइट बनवून द्यायची. रूपलने मोबाइल बघितला आणि कपाळावर हात मारला.

"एका तासात एकशे बारा? अगं, तू काय केलंस हे?"

"मी कुठे काय केलं? घरच्यांनी केलं."

"ऐक. तू तिसरी का होतीस? तुझा पत्ता खरा, फोन लागतो, फोटो तुझ्याच खोल्यांचे. आणि आलेले पाहुणे आपापल्या घरी गेल्यावर, आपापल्या शब्दांत लिहितात. कुणी आज, कुणी महिन्याने. त्यावरून सर्चला वाटतं, ही जागा खरी आहे, हिला वर ठेवा. त्याला तुझ्या मांडवातलं प्रेम कुठून दिसणार? त्याला दिसले एकाच जागेवरून लिहिणारे एकशे बारा जण. चाळीस खाती त्याच दिवशीची. आणि सगळ्यांचं एकच, 'जेवण उत्तम, झोप छान लागली.' स्टार विकत घेणारे असंच करतात."

"विकत? अगं, माझी चुलत सासू आहे ती!"

"मग तर आणखी वाईट. घरच्यांचं चालतच नाही."

"पैसे भरून वर येता येत नाही?"

"जाहिरात देता येते, पण आधी नाव तर परत यायला हवं. आणि खालची जी यादी असते ना, तिथली जागा कुणी विकत देत नाही. देतो म्हणणारा भेटला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस." रूपलने उपाय सांगितला तो साधाच. ज्याने लिहिलं त्यानेच ते आपल्या फोनमधून काढायचं, आणि मग खरं खरं सांगून अर्ज करायचा.

साधा! बोलायला काय जातं? दिलेला आहेर परत न्या म्हणून नातेवाइकांच्या दारात जाऊन बघा एकदा! बबलूमामाने ऐकून घेतलं, हातातला चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. मामीने सुनावलं, "आमचं दिलेलं तुला चालत नाय, तर राहिलं." दिवसभरात अर्चनाने सोळा घरं पालथी घातली, आणि काढले किती? चार. संध्याकाळी ती हात टेकून रंभाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. रंभाबाई सासऱ्यांची थोरली वहिनी. त्यांच्या शब्दाबाहेर त्या आळीतलं कुणी नव्हतं, पण राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

विड्याच्या पानांच्या जुड्या लावता लावता रंभाबाईंनी विचारलं, "माजा शब्द खोटा म्हनतात तुजे ते फोनवाले?"

अर्चना दमलेली होती. खोटं गोड बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती म्हणाली, "काकी, तुम्ही माझ्या खोलीत कधी झोपलात?"

"नाय बा. माजं घर सोडून मी कशाला तिथं झोपू?"

"मग 'झोप छान लागली' हे कसं लिहिलंत?"

रंभाबाई थांबल्या. पान हातातच राहिलं. मग त्यांना असं काही हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. "अगो बाय! मी तर वाचलंबी नाय काय लिवलं ते! जावयानं आंगठा दाबून घेतला." हसू ओसरलं तसा आवाज खाली आला. "तुजं वायट झालं काय गो आमच्यामुलं?"

"झालं, काकी," अर्चना म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

बस्स. रंभाबाईंनी जुड्या बाजूला सारल्या, मामाची वही मागवली आणि चपला घातल्या. दोन दिवस ती बाई आळीआळीतून फिरली. पुढे रंभाबाई, मागे अर्चना. "हे परत मागनं नाय. पोरीनं मान ठेवला तुमचा. आता काडा तो स्टार, माज्या समोर काडा." बबलूमामाने पहिला काढला आणि वर सगळ्यांना दटावत सुटला, जसं काही हे त्यालाच सुचलं होतं. उरले उमरोळीचे तीन पाहुणे. हितेश बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून येताना वाटेत उमरोळीला उतरला आणि त्यांच्या दारात उभं राहून तेही काढून घेतले.

अर्ज अर्चनाने स्वतः लिहिला. 'हळदीत घरच्यांनी प्रेमाने लिहिलं. ते इथे राहिले नव्हते. चूक झाली, सगळं काढलं आहे. खोल्या दोनच आहेत, पण खऱ्या आहेत.' पाठवला आणि वाट बघत बसली. सोळा गेली, सतरा, अठरा. एकोणीस तारखेलाही काही कळलं नाही.

वीस तारखेला सकाळी दहा वाजता मनीष ठेकेदार कागद घेऊन हजर. भगवंतनी ओट्यावर खुर्ची मांडून दिली. अर्चना आत चहा टाकत होती. तेवढ्यात फोन वाजला. मेसेज होता, तुमची जागा पुन्हा दिसू लागली आहे. तिने लगेच शोधून बघितलं. सातवा नंबर. सातवा तर सातवा! ती तशीच बाहेर धावली.

"बाबा, नाव परत आलं!"

भगवंतनी चष्म्यावरून बघितलं. "आलं ते बरं झालं. खोल्या भरल्या काय?"

खरंच होतं की. भरल्या कुठे होत्या? ती फोन हातात धरून उभी राहिली.

"दाव बघू, काय हाय ते," भगवंत म्हणाले. बोललेलं फिरवायचं म्हणून नव्हे. गेले दहा दिवस अख्खं गाव ज्यापायी धावत होतं ते होतं तरी काय, एवढंच त्यांना बघायचं होतं. एकशे बारा गेल्यावर आता तिथे फक्त नऊ जणांचं लिहिलेलं उरलं होतं. ते पेपर वाचतात तसं मोठ्याने वाचू लागले.

"खोली स्वच्छ. मासे ताजे. रस्ता खराब." त्यांनी मान डोलावली. "रस्ता खराबच हाय." पुढचं कल्याणच्या एका बाईचं होतं. "'पहिल्या दिवशी आजोबा आमच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओहोटीला माझ्या मुलीला घेऊन गेले आणि खेकडा कसा धरायचा ते शिकवलं. ती अजून घरी बादलीत खेकडे शोधते. आम्ही आजोबांसाठी पुन्हा येणार.'"

भगवंतनी घसा साफ केला आणि त्याच्या खालचं वाचलं. "'आजोबांचा आवाज मोठा आहे, घाबरू नका, माणूस गोड आहे.'" नऊ जणांपैकी चौघांनी त्यांच्याबद्दलच लिहिलं होतं. म्हातारा कान लाल करून बसला.

"हे तू लिवलंस?"

"नाही हो बाबा. घरच्यांचं चालत नाही."

त्यांनी आणखी काही विचारलं असतं, पण त्यांच्याच हातात फोन वाजू लागला. त्यांनी तो उचलला आणि कानाला लावला. पलीकडे अंबरनाथचा कुणी गृहस्थ होता, इतक्या मोठ्याने बोलत होता की सगळ्यांना ऐकू आलं. चोवीस ते सत्तावीस, दोन्ही खोल्या मिळतील का, दोन कुटुंबं आहोत, पोरं चार आहेत, आणि हो, ते खेकडेवाले आजोबा असतील ना?

अर्चना फोनकडे हात करत पुढे झाली.

"हाय," भगवंत म्हणाले. "मीच तो. या तुमी. पोरांना लवकर उठवा पन, ओहोटी काय थांबत नाय कुनासाठी."

फोन ठेवून त्यांनी कागद उचलला आणि सही न करताच मनीषच्या हातात दिला. "मनीषशेठ, दुसरीकडं बघा. आमच्या खोल्या भरलेल्या हायत."

अर्चना आत गेली आणि चुलीशेजारी फरशीवरच बसली. जीव भांड्यात पडला होता तिचा. रडू येत होतं आणि हसूही येत होतं. बाहेर भगवंत मनीषला थांबवून सांगत होते, चहा घेऊन जा, आणि बसल्या बसल्या तो कल्याणच्या बाईचा मजकूर त्याला पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून दाखवत होते.