सात नंबरच्या प्रेसची पाचर

चिमणाबाईची चार बोटं तुम्ही खाल्लीत, साहेब. मशीनवर खापर फोडू नका. सातपूरच्या त्या कारखान्यात सरकारी तपासणीला तुम्हीच आला होतात. तुम्ही येणार म्हणून सात नंबरच्या प्रेसमधली पाचर काढली, तुम्ही गेलात तशी परत ठोकली. तुम्हाला ते माहीत होतं. तरी 'सर्व ठीक' लिहून सही केलीत.

प्रेसला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनला, दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात बाहेर राहतात. पण तसं काम सावकाश होतं. म्हणून मालकानं उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून टाकलं. डाव्या हातानं बटण, उजव्यानं आत पत्रा सरकवायचा. श्रावणात चिमणाबाईचा उजवा हात आत राहिला. बोटं पत्र्यासकट चपटी निघाली. सुपरवायझर सोमनाथनं आधी पत्रा बघितला, मग तिला.

भरपाई म्हणून मालकानं तिच्या पोरीला, पल्लवीला कामावर घेतलं. सात नंबरवरच. आज तीनच्या पाळीपासून.

म्हणून सकाळपासून गेटवर धरणं. पुढारी सुनील. त्याच्या पत्रकात बारा मागण्या, चिमणाबाईची एकच.

"मावशी, कायम नोकरी माग, पगारवाढ माग," सुनील म्हणाला. "लाकडाच्या तुकड्यासाठी कोण धरणं धरतं?"

"जिची बोटं गेली ती. तुझी दहा हायत, तू बारा माग."

सतरंजीच्या पुढं पाटावर संविधान ठेवून फुलं वाहिलेली. ही पेठ तालुक्याकडची माणसं. फुलं वाहिली म्हणजे तिथं चपला घालून बसायचं नाही. सगळ्यांनी काढून भिंतीला ओळीनं लावल्या. तीच चूक झाली. गेट उघडलं, मालकाचे वीस बाउन्सर आधी चपलांवर चढले, मग माणसांवर. माणसं अनवाणी पळाली. रस्त्यावर कारखान्याचा लोखंडी चुरा सांडलेला, तळवे टराटरा फाटले. जो पडला त्याला चौघांनी तुडवला. सुनीलचा जबडा निखळला. सखुबाई उताणी पडून नुसती 'नको रे, नको रे' म्हणत होती, तरी तिच्या नडगीवर काठी बसली आणि हाड वाजलं.

चिमणाबाई उलटी पळाली, उघड्या गेटातून आत. सात नंबरपाशी पडलेला पान्हा तिनं डाव्या हातात घेतला. सोमनाथनं मागून झिंज्या धरल्या.

"पोरीचं काम घालवतेस, म्हातारे."

तिनं मान न वळवता पान्हा मागं हाणला. त्याचे पुढचे दात फरशीवर पडले. मग पाचरीवर हाणला, चार वेळा, सुटेपर्यंत.

दोन वाजता ती तुमच्या हापिसात शिरली. मागं रक्ताची पावलं, ती पुसत तुमचा शिपाई. पाचर तिनं तुमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"पोलिसांना बोलावतो," तुम्ही म्हणालात.

"बोलवा. दात मीच पाडले, सांगते त्यांना. पण आधी हे बघा. तवा दिसलं नव्हतं ना तुम्हाला? दुसरी ठोकायला त्यांना एक मिनिट लागंल. तीनला माझी पोर तिथं बसंल." तिनं बोटं नसलेला हात टेबलावर ठेवला. "मशीन बंद करायची सही आत्ता करता का नाय? तोंडानं सांगा, साहेब."