डावीकडची नळी

मित्रांनो, मी एक जुनी सायलेन्सरची नळी आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुनी आहे, हे खरं. नळी आहे, हेही खरं. पण सायलेन्सरची? माझ्यातून आजवर धुराची एक रेषासुद्धा गेलेली नाही. तरीही एक काळ असा होता, की दर रविवारी मला पॉलिश व्हायचं आणि मोठमोठी माणसं माझ्यापुढे उकिडवी बसून "वा!" म्हणायची. त्या "वा"ची आठवण झाली, की अजूनही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी मुळात कठड्याचा पाइप. एका शाळेच्या जिन्याला स्टीलचा कठडा बसवला, त्यातून हातभर तुकडा उरला, तो मी. माझी भावंडं त्या जिन्यावर कामाला लागली. मुलं त्यांच्यावरून घसरतात, पाठीत धपाटे खातात आणि पुन्हा घसरतात. गुडघे दुखणाऱ्या बाई त्यांना धरून वर चढतात. मी मात्र वेल्डरच्या कारखान्यात एका कोपऱ्यात पडून राहिले. तेव्हा मला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं. आता वाटतं, तिथे धूळ खात पडले होते, तेच माझे इभ्रतीचे दिवस होते.

एके दिवशी कारखान्यात ती गाडी आली. दोनच माणसांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाय, मग कंबर, मग डोकं, असं हप्त्याहप्त्याने आत जावं लागे. गाडी मालकाच्या आत्याची. या आत्या डॉक्टर होत्या. शर्यतीत पळायची ही गाडी घेऊन त्या घरोघरी पेशंट तपासायला जात. लोक हसत, "बाई विमान घेऊन आल्या" म्हणत. पण त्या वेळेवर पोचत, म्हणून कोणी फार हसत नसे. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि त्यांनी गाडी भाच्याला देऊन टाकली.

"थंडीत आत्याची एक गंमत असायची," मालक वेल्डरला सांगत होता. "पेशंटच्या दारात पोचली, की गाडी चालूच ठेवायची. मागे येऊन उभी राहायची आणि दोन्ही तळहात दोन्ही नळ्यांसमोर धरायची. चांगले ऊन झाले, की मगच गाडी बंद करून आत जायची. म्हणायची, आजारी माणसाला गार हात लावू नये."

वेल्डर गाडीखाली आडवा पडून ऐकत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत गंजाचा भुगा होता.

"नळ्यांची पार चाळण झालीय, साहेब. हे सगळं काढून टाकायचं. आता नवीन काय बसवायचं ते तुम्ही ठरवा."

मग निवड सुरू झाली. वेल्डरने जमिनीवर जुने-नवे पाइप मांडले. पहिला मार्ग सरळ होता. सहा सिलिंडरांचं इंजिन, तीन-तीनचा धूर वेगवेगळा न्यायचा, दोन सायलेन्सर, दोन नळ्या, जसं मुळात होतं तसं. पण प्रत्येक वळण हाताने वाकवावं लागणार होतं आणि हिवाळा उलटेपर्यंत थांबावं लागणार होतं. दुसरा मार्ग बिनसायलेन्सरचा, सरळसोट. वेल्डरने तसा एक पाइप दुसऱ्या गाडीला लावलेला होता, ती गाडी त्याने सुरू करून दाखवली. पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि मालकाची बायको कानांवर हात ठेवून रस्त्यावर गेली. तो मार्ग तिथेच संपला. तिसरा मार्ग सोपा होता. सगळा धूर गाडीखालीच एकत्र करायचा आणि उजवीकडच्या एकाच नळीतून बाहेर काढायचा. आवाज सौम्य, काम आठवड्यात पुरं.

"पण मागून नागडी दिसेल रे गाडी," मालक म्हणाला. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि त्याचं सगळं लक्ष तिथे लागलं होतं. "दोन नळ्या हीच तर तिची ओळख आहे."

"मग डावीकडे एक शोभेची लावून देतो," वेल्डर म्हणाला. "खरी कुठली, खोटी कुठली, कुणाच्या बापाला कळणार नाही."

असं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातून मला उचललं.

मालकाची बायको तोवर परत आली होती. "आत्यांना विचारलंस का?" तिने विचारलं.

"आत्याला कुठे दिसतंय आता!" मालक म्हणाला आणि हसला.

मित्रांनो, ते वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं. मी नळी आहे, मला तोंड आहे, पण वेल्डरने माझ्या आतल्या बाजूला पत्र्याची चकती डकवून टाकली. तोंड राहिलं, घसा बंद झाला. मग मला गाडीच्या डाव्या अंगाला जोडलं. तरीही मी फार नवी दिसत होते. म्हणून मालकाने उजव्या नळीत बोट घातलं, तिथली काजळी काढली आणि माझ्या तोंडाला आतून फासली. तोंडाला काळं फासणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

प्रदर्शनात मी चमकले. लोक वाकून बघत. एका जाडजूड गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलीला सांगितलं, "बघ, दोन्ही नळ्या मूळच्या. आता असं काम होत नाही." मालकाने ते ऐकलं. तो हसला आणि मान डोलावली. शेजारची उजवी नळी बिचारी तापून निळी पडली होती, सगळ्या गाडीचा धूर एकटीने ओढून तिला धाप लागत होती. तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. मला मान खाली घालायची होती, पण वेल्डिंग पक्कं होतं.

मग थंडी पडली आणि आत्या आल्या.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. गाडी चालवायला त्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. गॅरेजच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी हातमोजे घातले. चामड्याचे, बोटांशी झिजलेले. "एक फेरी मारणार आहे," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या टेबलावर दुसरं काही डोक्यातच नव्हतं माझ्या."

मालकाचा चेहरा पांढरा पडला, तो मी पाहिला. आत्या गाडीमागे आल्या, वाकल्या आणि माझ्याकडे बघून त्यांना केवढा आनंद झाला!

"दोन्ही नळ्या केल्यास? अगदी होत्या तशा? शहाणा माझा तो ठोंब्या!"

इतकी वर्षं लाडाने ठोंब्या म्हणणाऱ्या आत्याने त्या दिवशी त्याला शहाणा म्हटलं. त्याने तेव्हा सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "हो, अं, तशाच आहेत."

त्यांनी गाडी सुरू केली. बाहेर धुकं होतं. त्या पुन्हा मागे आल्या, हातमोजे काढून खिशात ठेवले आणि सवयीने दोन्ही तळहात पुढे धरले. उजवा उजव्या नळीसमोर, डावा माझ्यासमोर. डोळे मिटले. अंगणात शेकोटीपाशी उभं राहून शेक घ्यावा, तशा त्या निवांत उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डावा हात माझ्या आणखी जवळ आणला. मग हळूच बोटं उघडमीट करून पाहिली.

"डाव्याला काहीच लागत नाहीये," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "उजव्याला ऊब लागतेय. डाव्याला काहीच नाही."

मालक जमिनीकडे बघत राहिला.

"बरेच दिवस मुंग्या येत होत्या या हाताला. म्हटलं, झोपेत अंगाखाली येत असेल. पेशंटला कधी असं समजावलं नसतं मी." त्या स्वतःशीच हसल्या. "स्वतःला समजावलं."

त्यांनी जाऊन गाडी बंद केली आणि किल्ली भाच्याच्या हातात ठेवली. "ज्या हाताला जाणीव नाही, तो स्टिअरिंगवर ठेवू नये. चल, चहा घेऊ."

स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजला लागूनच आहे. मला सगळं ऐकू येत होतं. कप वाजले. आत्या शांतपणे सांगत होत्या, की घर बंद करावं म्हणते. एकटीने राहायचे दिवस सरले. उद्या शेगडीवर हात भाजला तरी मला कळायचं नाही. सूनबाई, कुठे म्हाताऱ्यांसाठी खोली मिळते का, बघशील?

"अहो आत्या, आधी एकदा दाखवून तर या कुणाला," मालकाची बायको म्हणत होती.

"दाखवायचं काय? मी काय कंपाउंडर होते?"

मालकाच्या चहाच्या घोटांचा आवाज तेवढा येत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तो गॅरेजमध्ये आला. काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. सवयीने त्याने फडका उचलला आणि मला पुसायला लागला. माझ्या चकाकीत त्याला स्वतःचा चेहरा दिसला असावा. नळीत चेहरा वाकडातिकडा दिसतो. तो थांबला आणि फडका टाकून तिथेच जमिनीवर बसला. मित्रांनो, मला तेव्हा फुटायचं होतं. गंजून, गळून, धाडकन खाली पडायचं होतं. पण मी कठड्यासाठी केलेलं स्टील, मला गंजही चढत नाही.

दारात त्याची बायको उभी होती. "तू सांगतोस, की मी सांगू?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने त्यांना दिसत नाही म्हणालास, त्याच."

तो आत्यांना घेऊन आला. त्याने गाडी सुरू केली आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत तसाच खाली मान घालून उभा राहिला.

"आत्या, डावा हात नळीवर ठेव. समोर नको. वर. अगदी टेकव."

"आता कशाला परीक्षा घेतोस माझी?"

"ठेव ना. माझं ऐक."

त्यांनी हात ठेवला. इतका हलका हात मला कधी कोणी लावला नव्हता. पॉलिशचा फडका तर नाहीच नाही.

"गार आहे," आत्या म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे उघडले. "गार आहे," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी डॉक्टरच्या आवाजात. "मला गार लागतंय. आणि गाडी चालू आहे. चालू गाडीची नळी गार कशी?"

त्यांनी माझ्या तोंडात बोट घातलं. ते चकतीला टकटक लागलं. बाहेर आलं तेव्हा काळं झालं होतं.

"आणि ही काजळी?"

"मी फासली," मालक म्हणाला. "नळी खोटी आहे, आत्या. तुझा हात चांगला आहे."

आत्यांनी आधी डावा तळहात उजव्या नळीसमोर धरला. ऊब लागली. तो हात त्यांनी गालाला लावला, कोटाच्या बटणांवरून फिरवला, पायरीच्या दगडावर टेकवला. आणि मग त्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. इतका वेळ रडल्या नव्हत्या, हात गेला असं वाटलं तेव्हाही नाही.

"नळी खोटी लावलीस, त्याचं मला काही नाही," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "गाडी तुझी आहे. तिला शेपूट लाव. पण मी घर बंद करायच्या गोष्टी बोलत होते. तू समोर बसून ऐकत होतास?"

"हो."

"चहा पीत होतास?"

त्याची मान हलली.

"किल्ली गाडीलाच आहे ना?" आत्या उठल्या, हातमोजे घातले. तो शेजारी बसायला पुढे झाला, तशी त्यांनी हात आडवा केला. "तू नाही. सूनबाई, तू चल."

गाडी अंगणाबाहेर पडली. मी मागच्या अंगाला होते, म्हणून मला तोच दिसत राहिला, गॅरेजच्या दारात एकटा उभा असलेला. त्याला माझी लाज वाटत होती आणि मला त्याची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत लांब लांब होत गेलो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला वेल्डरने खऱ्या दोन नळ्या बसवल्या. तेवढे दिवस मालक थांबला. मला कापून बाजूला काढलं, तेव्हा वेल्डर मला भंगारात टाकणार होता. आत्याच म्हणाल्या, "या पायरीला धरायला काही नाही. इथे भिंतीला ठोक ती." तसं केलं. आतली चकती काढली, काजळी धुतली. आता मी पुन्हा कठडा आहे, हातभर लांबीचा.

मला कोणी पॉलिश करत नाही आणि "वा!" म्हणत नाही. फार बरं वाटतं. पण लाज गेली असं समजू नका. गाडी पुसायला घेतली, की मालक माझ्याकडे न बघता पायरी चढतो आणि मीही भिंतीकडे बघते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर सांभाळा, त्यांना घासा, पुसा, चमकवा. पण एखाद्या वस्तूला ती जे करत नाही त्याचा मान देऊ नका. तिला तो पेलत नाही. आणि तिच्यावर विसंबून कोणी हात पुढे केला, तर सांगायला उशीर करू नका. चहा नंतर पिता येतो.

आत्या हिवाळ्यात अजून येतात. गाडीमागे जाऊन दोन्ही तळहात शेकायच्या आधी त्या पायरी चढतात, ती मुद्दाम डाव्या हाताने मला धरून. क्षणभर थांबतात.

"गार आहे गं," त्या म्हणतात, आणि वर चढतात.