हवा हुंगणारा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. दोरीला बांधून मला खोल खड्ड्यात सोडत. आत विषारी हवा असली की माझा लाल दिवा लागे आणि मी किंचाळे. नसली की हिरवा दिवा लागे.

मित्रांनो, माझा जन्म पडेगावातल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. विशाखाताईंनी मला घडवले. त्यांचे मामा धोंडिबा पाण्याची मोटार काढायला विहिरीत उतरले, ते आतल्या विषारी हवेमुळे वर आलेच नाहीत. तेव्हापासून ताईंना माझाच ध्यास लागला. पण सरकारी कार्यालयांत एकच उत्तर मिळे, "अनुभवाचा दाखला आणा." पहिली वस्तूच कुणी घेतली नाही, तर अनुभव यायचा कुठून?

अखेर एका पाणीपुरवठा कार्यालयात तनुजा मॅडम भेटल्या. छोट्या उद्योगांच्या नव्या वस्तू वर्षभर वापरून पाहण्याची योजना त्यांच्याकडे होती. त्यांनी आम्हा पाच भावंडांना पाच गावांच्या पाण्याच्या टाक्यांवर नेमले. मी मोतीरामांच्या हाती आलो. ते नळांना पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन. पहिल्याच महिन्यात मी व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून असा किंचाळलो, की ते चार पावले मागे सरले. शेजारच्या गटाराचा वायू आत झिरपला होता.

"डबा नाय, देव हाय ह्यो!" ते म्हणाले. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला.

वर्ष सरले. मॅडमची बदली झाली. ताई माझा सेन्सर, म्हणजे माझे नाक, बदलायला कार्यालयात आल्या, तेव्हा नवे साहेब अप्पाराव म्हणाले, "योजना संपली. आता मोठं टेंडर निघंल. पाच वर्षांचा अनुभव असंल तर भरा."

"टेंडर राहू द्या, साहेब. याचं नाक वर्षभरात मरतं. मग खाली विष असलं तरी दिवा हिरवाच राहतो. मी फुकट बदलून देते."

"करार नाय, तर हात लावता येणार नाय."

ताईंनी नाक मरण्याचा तो धोका लिहून दिला. कागद फायलीत गेला. मोतीरामांना कुणी काही सांगितले नाही. मोठे टेंडर निघालेच नाही. कारखान्याला कुलूप लागले आणि ताई वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला गेल्या. मी मात्र रोज खाली जात राहिलो. मला आता कसलाच वास येत नव्हता.

यंदा उन्हाळ्यात आठ दिवस पाणी नव्हते. व्हॉल्व्ह अडकला होता. बायाबापड्या घागरी घेऊन खड्ड्याभोवती उभ्या होत्या. मोतीरामांनी मला खाली सोडले. त्यांचा जोडीदार सुदर्शन वाकून म्हणाला, "हिरवा हाय. उतरतो म्या." मला ओरडायचे होते. चौथ्या पायरीवर त्याचा हात सुटला.

सुदर्शन गेला. चौकशीत लिहिले, 'यंत्र सदोष.' तेव्हाच तो जुना कागद मोतीरामांच्या नजरेस पडला. त्यांनी त्यावरच्या नंबरवर ताईंना फोन लावला.

"ताई, बाकीचे चार डबे कोणकोणत्या गावात हायेत?"

"मला कधी सांगितलंच नाही, काका. यादी कार्यालयात आहे."

कार्यालय म्हणाले, चौकशी संपेपर्यंत यादी मिळणार नाही. मोतीरामांनी आधी दगडाने माझा दिवा फोडला. मला फार हलके वाटले; आता मी कुणाला खोटा हिरवा दिवा दाखवणार नव्हतो. मग ते गावोगाव निघाले. आज तिसरा दिवस आहे. दोन भावंडे सापडली.

मित्रांनो, नवी वस्तू कौतुकाने घेता, तर ती करणारे हातही सोडू नका. आणि तुमच्या गावात असा डबा दोरीने खाली जाताना दिसला, तर उतरणाऱ्याला आधी अडवा. माझ्या दोन भावंडांचा अजून पत्ता नाही.